खांदा

पेटी स्टॅनलीने केली. जुना सुतार, त्यामुळे नको तेवढी पक्की.
झाकणावर क्लबचं चिन्ह: एक मेंढा, एक धोटा,
खाली लॅटिन वाक्य, जे अख्ख्या कॉल्डरशॉत
कुणालाच लागत नाही.
चौघांनी उचलली. पुढे ताहिर,
टॅक्सी पिवळ्या रेघांवर सोडून आलेला,
आणि डोरीनचा नातू, ज्याने जन्मात एकदाच
आपला संघ वर चढताना पाहिला, तोही आईच्या पोटातून.
मागे स्टॅनली आणि मी.
माझा डावा खांदा. तोच, नेव्हिल.

शेहेचाळीस सामने, जिंकलो सहा.
सत्त्याण्णव गोल खाल्ले. आम्ही मोजत गेलो,
कारण मोजण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.
जानेवारीत तू तो पोरगा विकलास,
जो उजव्या कडेने सुटला की
माणसांचे चहाचे कप ओठांपाशी थांबायचे.
त्या पैशातून स्कोअरबोर्ड आला.
आता आपली लाज कालव्यापलीकडूनही वाचता येते.
पूर्वेचं छप्पर मात्र गळतंच.
डोरीन प्लॅस्टिकची टोपी घालून बसते आणि म्हणते,
छप्पर काय, गोलकीपर काय,
सगळं आतच येतं.

तुझी पत्रं मिळतात. 'प्रिय समर्थकहो.'
'हा संक्रमणाचा काळ आहे.'
गिरणी बंद झाली तेव्हा फाटकावर
असाच कागद लावला होता, सही तेवढी वेगळी.
तुझ्या बापाने तो फाडला होता, नेव्हिल.
मी तिथे होतो.

आज फाटकावर आम्हाला अडवलं.
फिरत्या दारातून पेटी जाईना.
खिडकीतला माणूस म्हणाला, डोईगणिक तिकीट लागेल.
ताहिर म्हणाला, हिच्यात डोकं नाहीये,
ते वर काचेमागे बसलंय.
हसलो सगळे. तोही हसला.
मग कुणाला काही सुचेना, म्हणून
पेटीसकट वळून मागच्या भिंतीला गेलो.

भिंत तीच. वर तेव्हा बाटल्यांच्या काचा होत्या,
आता तुझी काटेरी तार आहे.
बहात्तर साल, नोव्हेंबर. खिसे रिकामे,
तुझेही, माझेही. पण तू हलका होतास.
मी विटांना हात टेकून वाकलो, तू चढलास,
तुझ्या बुटाचा चिखल माझ्या कानात.
काय दिसतंय, मी विचारलं,
आणि तू सांगत राहिलास. कोण पडलं, कुणी कुणाला शिवी दिली,
पंचाच्या चड्डीची शिवण उसवलीय ते.
मध्यंतराला उतरलास, पुन्हा चढलास.
तीन-शून्य हरलो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.
तू मला एक गोल दिला होतास,
हवेत झेपावून, डोक्याने, वरच्या कोपऱ्यात.
तो गोल मला अजून दिसतो.
झालेले कितीतरी विसरलो.
तेव्हाही खोटंच बोलायचास.
पण खाली वाकलेल्या माणसासाठी बोलायचास.

आमच्याकडे खांदा दोनदाच मागतात,
चढवताना आणि पोचवताना.
मला वाटलं होतं, मधल्या काळात
तू एकदा खाली बघशील.

खेळ सुरू झाला होता. आतून हूं असा आवाज आला,
गोल चुकल्याचा की खाल्ल्याचा, कळेना.
मी वाकायला गेलो. गुडघा म्हणाला, नाही.
तेव्हा डोरीनचा नातू पेटीवरच उभा राहिला.
स्टॅनलीचं काम, हललीसुद्धा नाही.
तारेला जपून त्याने मान वर काढली.

काय दिसतंय, मी विचारलं.

बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, वर काचेमागे
एक माणूस खेळाकडे पाठ करून उभा आहे.
इकडेच बघतोय.

आणि स्कोअर?

ते नका विचारू, म्हणाला.